दोनशे अकरा वेळा

लस्सादने खुर्ची मागे ढकलली, अंगातलं जॅकेट काढलं आणि भिंतीपाशी जाऊन ते मोठ्या पडद्यावर टांगलं. दोन्ही बाह्या खाली लोंबू लागल्या. त्यांच्यामध्ये लाल अक्षरांत उमटलेलं त्याचं नाव झाकलं गेलं.

“राहू दे तिथेच,” तो म्हणाला. “थंडी वाजत असेल गाढवाला.”

खोलीत हशा पिकला. हातेमने टेबलावर तबला वाजवला.

“चौदा महिन्यांनी! सी लस्साद, असं सुकं नाही चालायचं. बकलावा मागवा. पिस्त्याचा.”

“तुझं नाव रोज लाल होतं, तू कधी चहा तरी पाजलास का रे?”

“रोजचं झालं की त्याला सण म्हणत नाहीत.”

नावं लाल करणाऱ्या त्या प्रोग्रॅमला सगळे अस्सास म्हणत. अस्सास म्हणजे रखवालदार. खाली इमारतीच्या दारातही एक अस्सास होता, पण तो निदान सलामाला उत्तर द्यायचा. वरचा अस्सास प्रत्येकाने लिहिलेला कोड आत घेण्याआधी तपासायचा. त्याचे चौसष्ट नियम होते. एक जरी मोडला तरी कोड परत आणि लिहिणाऱ्याचं नाव भिंतीवर. डायलिसिस केंद्रांत पाणी शुद्ध करणारी जी यंत्रं असतात, त्यांचा कोड या खोलीत लिहिला जाई. पाण्यात क्लोरीन उरलं तर धोक्याची घंटा वाजणार की नाही, हे त्या कोडवर ठरे. अस्सासला तीन वर्षांपूर्वी ओल्फाने बसवलं होतं; कोडची शेवटची तपासणी तिच्याकडे होती. तेव्हापासून त्याला तिच्या पाठीमागे शिव्या देण्याची सगळ्यांना मुभा होती. तिच्या तोंडावरही होती.

हशा ऐकून सी नौफल, म्हणजे नौफलसाहेब, काचेच्या केबिनमधून बाहेर आले. कंपनी त्यांची. त्यांनी जॅकेटकडे पाहिलं, मग लस्सादकडे.

“काय झालं?”

“सी नौफल, एक तर हा राहील नाहीतर मी,” लस्साद म्हणाला. तो हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “वीस वर्षं कोड लिहितोय मी. ह्याच्या आईला दूध कोण पाजत होतं तेव्हा?”

“त्याला आई नाहीये,” हातेम म्हणाला. “ओल्फा आहे.”

मग आणखी तिघं बोलले. एकाचे दिवसाचे दोन तास जातात. दुसऱ्याला हे शाळेतल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात बसणारी शीराझ, सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत लहान, ती तेवढी म्हणाली, “मला आवडतो बाई. मी तर त्याच्याकडूनच शिकले.”

सी नौफलनी हात वर केला. “गुरुवारी बसू. हात वर करून काय ते ठरवू, राहणार की जाणार. ओल्फा, तू आकडे आण.”

ओल्फाने मान हलवली. जानेवारीत नवी आवृत्ती एकवीस केंद्रांत जायची होती. ‘तपासले, योग्य आहे’ या ओळीखाली सही तिची असणार होती. आठ जणांनी लिहिलेल्या ऐंशी हजार ओळी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकत नव्हती. अस्सास गेला तर ती सही डोळे मिटून करावी लागणार होती.

दुपारी ती आकडे काढायला बसली. खिडकी बंद असूनही तेलाच्या गिरण्यांतल्या ऑलिव्हच्या चोथ्याचा वास आत येत होता.

अस्सासला चुकवण्याची एक रीतसर वाट होती. एखाद्या ओळीवर त्याने बोट ठेवू नये असं वाटलं, तर त्या ओळीच्या वर ‘डोळे मीट’ असं लिहायचं आणि पुढे कारण द्यायचं. कारण दिलं की तो गप्प बसे. कारण काय आहे ते त्याला कळत नसे. ओल्फाने ती सगळी कारणं एकाखाली एक काढली. चारशे बारा निघाली.

‘मी काय करतोय ते मला ठाऊक आहे.’ ‘सी नौफलना घाई आहे.’ ‘नंतर बघू.’ ‘हे तात्पुरतं आहे,’ आणि शेजारी अडीच वर्षांपूर्वीची तारीख. ‘इंशाअल्ला चालेल.’ एका ठिकाणी नुसतं ‘कृपया’.

हातेमची एकशे तीस होती. त्याचं तिला नवल वाटलं नाही. शीराझची शहाण्णव होती, तेही आठ महिन्यांत. तिने तो आकडा पुन्हा मोजून घेतला. लस्सादचं एकही नव्हतं.

ती थांबली. एकदाही डोळे मिटायला न सांगता चौदा महिने बिनचूक, मग आज सकाळी काय झालं?

अस्सासबरोबर तिने आणखी एक सोय केली होती, चाचपणीची. कोड आत पाठवायच्या आधी नुसता दाखवून घ्यायचा. चूक निघाली तर ती फक्त दाखवणाऱ्याला दिसे, भिंतीवर काही जात नसे. तिने ती सोय पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितली होती. वापरताना मात्र तिला कोणी दिसलं नव्हतं. ती स्वतः वापरे. त्या सोयीची नोंदवही उघडून पाहायचं कधी तिच्या मनात आलं नव्हतं.

तिने ती उघडली. गेल्या महिन्यात चाचपण्या दोनशे सत्तेचाळीस. छत्तीस तिच्या. उरलेल्या दोनशे अकरांपुढे एकच नाव होतं.

तिने चष्मा काढून पुसला आणि आजच्या ओळी पाहिल्या. लस्साद, नऊ चाळीस, तीन चुका. नऊ एक्कावन्न, एक चूक. नऊ सत्तावन्न, निर्दोष. आणि नऊ एकोणसाठला त्याने कोड आत पाठवला, तो परत आला.

मधल्या दोन मिनिटांत काय बदललं ते तिने शोधलं. एका चलाचं, म्हणजे व्हेरिएबलचं, नाव त्याला आवडलं नसावं. त्याने ते अधिक चांगलं ठेवलं होतं, अकरा ठिकाणी. बाराव्या ठिकाणी जुनंच राहिलं होतं. सगळं तपासून झाल्यावर, पाठवता पाठवता, जाता जाता केलेली सुधारणा. तिला हसू आलं. तिने स्वतः हे किती वेळा केलं होतं, त्याची नोंद मात्र कुठे नव्हती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लस्साद जिन्याच्या वरच्या पायरीवर एकटाच सँडविच खात बसला होता. ओल्फा त्याच्या शेजारी बसली. त्याने सँडविचचा कागद तिच्यापुढे केला.

“घे. हरीसा जास्त आहे, तिखट लागेल.”

“नको. एक विचारायचं होतं.”

“राजीनामा मागू नकोस फक्त. जेवतोय.”

“दोनशे अकरा,” ती म्हणाली.

तो चावायचा थांबला. घास गालातच राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारीचा हॉर्न बराच वेळ दाबून ठेवला होता.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाही नाही. सांगणारही नाही. उद्याही नाही.”

“मग?”

“मला समजून घ्यायचंय. दिवसाला दहा वेळा तू त्याला विचारतोस आणि दिवसाला दहा वेळा त्याला शिव्या देतोस. दोन्ही खरं कसं?”

लस्सादने घास गिळला. “तू भौतिकशास्त्रवाली ना. तुला प्रत्येक गोष्टीचं एकच उत्तर लागतं.”

“दोन असली तरी चालतील.”

तो हसला. मग सँडविच कागदावर ठेवलं.

“हे बघ. हातेम मला म्हणाला, तुमचं इथे चुकलंय, तर मी त्याला म्हणतो, तू कधीपासून शहाणा झालास? मग तो मला काहीतरी बोलतो, मी त्याला बोलतो, दोघं कॉफी पितो. तोवर चूक दुरुस्त झालेली असते आणि कोणी हरलेलं नसतं. ह्याला मी काय बोलू? हा वाद घालत नाही. ओळ अमुक, नियम तमुक. आणि वर...” त्याने सँडविचची कड तोडली. “वर हलकटाचं बरोबर असतं. दर वेळी. एकदा तरी चुकावं ना त्याने!”

“एकोणिसावा नियम चुकीचा आहे,” ओल्फा म्हणाली. “मला गेल्या वर्षी कळलं.”

“मला दोन वर्षांपूर्वी. सांगितलं नाही.”

“का?”

“तेवढीच एक गोष्ट होती माझ्याकडे.”

ती खूप दिवसांनी मोठ्याने हसली. तोही हसला. मग त्याने आवाज उतरवला.

“सगळ्यांना वाटतं, लस्साद एका झटक्यात बिनचूक लिहितो. ते खरं होतं, ओल्फा. दहा वर्षांपूर्वी खरं होतं. आता डोळा घसरतो.”

तिने विचारलं, “उद्या तो गेला तर तू काय करशील?”

“माझ्याकडे त्याची एक प्रत आहे. लॅपटॉपवर.” हे त्याने सहज सांगितलं, छत्री आहे म्हणावं तसं.

“हातेमकडे नाही,” ती म्हणाली. “शीराझकडे नाही.”

लस्सादने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. कागदाच्या कडा आत दुमडल्या, पुन्हा दुमडल्या, इतक्या की हातात एक लहानसा घट्ट चौकोन राहिला. तो उठला आणि खाली गेला.

गुरुवारी सगळे लांब टेबलाभोवती बसले. ओल्फाने आकडे वाचले. चारशे बारा वेळा अस्सासला डोळे मिटायला सांगितलं गेलं. नावं तिने दिली नाहीत. काही कारणं वाचून दाखवली तेव्हा ‘कृपया’ला सगळ्यांत जास्त हशा मिळाला. ते कोणाचं, हे कोणी कबूल केलं नाही.

“आणि गेल्या महिन्यात दोनशे सत्तेचाळीस चाचपण्या झाल्या.”

“कसल्या?” सी नौफलनी विचारलं.

“पाठवण्याआधी गुपचूप दाखवून घेण्याच्या.”

“अडीचशे!” हातेम म्हणाला. “कोण आहे हा धर्मात्मा? तूच असशील.”

“एकापेक्षा जास्त जण आहेत,” ओल्फा म्हणाली. ते खरं होतं, दोन जण होते. टेबलाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग लस्साद बोलला. पुरती दहा मिनिटं. अस्सासची अक्कल, त्याचा आवाज नसणं, त्याचे नियम, एकोणिसावा नियम विशेष करून, त्याच्यामुळे वाया गेलेल्या कॉफ्या. इतकी शिवराळ आणि इतकी रसाळ भाषा त्या खोलीत कधी कोणी ऐकली नव्हती. सी नौफल डोळे पुसत होते. ओल्फा वहीच्या समासात लहान चौकोन काढत होती.

“झालं?” सी नौफल म्हणाले. “मग करा हात वर. अस्सास जावा असं कोणाकोणाला वाटतं?”

हातेमचा हात पहिला. मग सेन्सरचा कोड लिहिणारे दोघं. मग क्षणभर काहीच नाही, आणि शीराझचा हात वर गेला, कोपर टेबलावर टेकवूनच, जेमतेम खांद्याएवढा.

चार. आठातले चार. आता सगळे लस्सादकडे बघू लागले.

तो कॉफीच्या पेल्यात साखर ढवळत होता. डाव्या हाताने पेला धरला होता, उजव्या हातात चमचा होता. तो ढवळतच राहिला.

“सी लस्साद?” हातेम म्हणाला. “अहो, हात!”

“कामात आहेत दोन्ही.”

कोणी हसलं, पण तो हसला नाही. सी नौफलनी पुन्हा एकदा मोजलं.

“चार-चार. म्हणजे आहे ते राहील. चला, कामाला लागा.”

खोली रिकामी झाल्यावर ओल्फा कागद गोळा करत होती. शीराझ दारापाशी घोटाळत राहिली होती.

“लल्ला ओल्फा,” तिने ताई म्हणावं तशी हाक मारली, “रागावलात?”

“नाही. कुतूहल वाटलं. तुला तर तो आवडतो.”

“आवडतोच. पण भावाच्या लग्नाचे फोटो मित्रांना पाठवले ना, तर एकात मागे भिंतीवर माझं नाव. लाल. तो फोटो मी इथेच काढला होता, मेंदीचा.” तिने तळहात पुढे केला. रंग आता फिका झाला होता. “तो गेला तर नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं.”

“हं.”

“ती चाचपणी...” शीराझने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्यात नाव कुठे उमटतं का? म्हणजे कोणाला दिसतं का, कोणी किती वेळा केली ते?”

ओल्फाने कागद सरळ केले. ती सहसा उत्तराआधी थांबत असे. या वेळी थांबली नाही.

“नाही,” ती म्हणाली.

शीराझ गेली. ओल्फा भराभर आपल्या जागेवर आली, उभ्याउभ्याच नोंदवही उघडली आणि नावांचा अख्खा रकाना काढून टाकला, जुना आणि यापुढचाही. आता फक्त वेळ उरली आणि निकाल. मग ती बसली.

सोमवारी चाचपण्या एकोणीस झाल्या. मंगळवारी चौतीस. बुधवारी दुपारपर्यंतच बावन्न. एकोणिसावा नियम तिने दुरुस्त केला होता, त्यामुळे आकडा थोडा कमी व्हायला हवा होता.

ती नोंदी खाली सरकताना पाहत राहिली. तीन चुका. एक चूक. निर्दोष. पुन्हा पाच चुका. बारा सतरा आणि तीन सेकंद, बारा सतरा आणि पाच सेकंद. दोन सेकंदांच्या अंतराने दोन. एकाच माणसाला हे जमणं शक्य नाही, तिने हिशोब केला. मग कोण आणि कोण?

तिने मान वर केली. हातेम फोन खांद्याने कानाशी दाबून कोणाला तरी सांगत होता की ह्या ऑफिसात एक गाढव पाळलंय आणि त्याला वैरण आम्ही घालतो. सेन्सरवाले दोघं एकमेकांना पाठ करून बसले होते. शीराझ ओठ चावत होती. लस्साद खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होता. सगळ्यांचे हात कळफलकांवर होते. शोधून काढायची वाट तिने स्वतःच बुजवली होती, आणि तिला ते जाणून घ्यायचं होतं, फार.

आणखी एक नोंद आली. सात चुका.

ओल्फाने पुन्हा मान वर केली. या वेळी सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं.