केदारखेड्याच्या उताराआधी

त्या रविवारी दुपारी भुजंगराव सतरंजीची चौपदरी घडी घालून ओसरीवर खाकी कपड्यांना इस्त्री करत बसले होते. राजूरच्या घरात हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. एक शर्ट झाला, दुसरा झाला, आणि पँट हातात घेण्याआधीच त्यांनी इस्त्रीची पिन उपसून ठेवली.

"आता थंड्या इस्त्रीनं चोळत बसा," आकांक्षाची आई आतून म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि दर रविवारी हे वाक्य त्याच जागी यायचं.

उरलेल्या तापावर भुजंगरावांनी पँटीच्या दोन्ही पायांची घडी सुरीसारखी काढली, मग इस्त्रीच्या पत्र्याला तळहात लावून लेकीला, आकांक्षाला दाखवला. "बघ. काम बी संपलं अन् गरमी बी संपली. बराबर."

आकांक्षा भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्यात ती ज्या कंपनीत होती, ती मोटार शर्यतीतल्या एका परदेशी संघासाठी काम करायची. खऱ्या गाडीला हात लावायला वर्षातून एखाददा मिळे. बाकी सगळं पडद्यावर. शर्यतीच्या गाडीनं एका फेरीत वीज कुठं वापरायची आणि कुठं परत मिळवायची, हे ठरवणाऱ्या चार माणसांपैकी ती एक होती. गावात कुणी विचारलं तर आई सांगायची, आमची पोरगी रेसच्या गाड्यांची लाइट बघती.

भुजंगरावांना मात्र नीट समजून घ्यायचं असायचं. नवे नियम आलेत म्हणतात, ते काय, असं त्यांनी विचारलं आणि ती सांगत गेली. आता गाडीची ताकद जवळपास अर्धी इंजिनातून आणि अर्धी विजेतून येते. ही वीज फेरी चालू असतानाच कमवावी लागते. ब्रेक लावला की चाकं मोटरला फिरवतात, आणि जो वेग एरवी ब्रेक तापवण्यात वाया गेला असता तो बॅटरीत येऊन बसतो. आधी धुराच्या उष्णतेवरही वीज काढायचे, ते यंत्र नव्या नियमांनी काढून टाकलं. त्यामुळे लांबलचक सरळ रस्ता लागला की शेवटाला बॅटरी दम टाकते. मग ती भरून घ्यायला वळण यायच्या बरंच आधी ड्रायव्हरला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा लागतो.

"आणि तेच त्यांना आवडत नाही," ती म्हणाली. पुढच्या नियमांवर वाद सुरू झाला होता. विजेचा वाटा कमी करा, म्हणजे पाय उचलायची पाळी येणार नाही, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं.

भुजंगराव हसले. "म्हंजे पाय उचलायची लाज वाटून राह्यली त्यान्ला."

"लाजच म्हणा."

त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरच्या रस्त्याची आकृती कितीतरी वेळ पाहिली. चढ कुठं, उतार कुठं, वळण किती आवळलेलं, हे एकेक विचारून घेतलं. मग सरळ रस्त्यावर एका जागी नख टेकवून म्हणाले, "हितं."

आकांक्षाच्या टीमनं सहा आठवडे खपून काढलेली पाय उचलायची खूण तिथून फार तर नखभर पुढं होती.

"हे शिकवलं कुणी तुला?" त्यांनी विचारलं.

आता सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईनं चहा आणून ठेवला, कपात साय आली म्हणून भुजंगरावांनी चमचा मागितला, आणि आकांक्षा म्हणाली, "कॉम्प्युटरमधून निघतं हे, बाबा."

"मंग कॉम्प्युटर हुशार हाय," ते म्हणाले आणि समाधानानं चहा प्यायले.

सोमवारी सकाळची फेरी करून त्यांनी जालन्याच्या डेपोत गाडी लावली. लॉगशीटवर सही केली आणि विश्रांतीच्या खोलीत बाकावर जरा टेकले, ते उठले नाहीत. आकांक्षा पुण्याला जायला बॅग भरत होती, तेव्हा निजामोद्दीन कंडक्टरांचा फोन आला. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

भुजंगराव एसटीत ड्रायव्हर होते, आणि त्यांच्यासारखा ड्रायव्हर त्या विभागात दुसरा नव्हता. हे लेक म्हणून तिचं म्हणणं नव्हतं. डेपोच्या फळ्यावर दर महिन्याला लिहिलेलं असायचं. एसटीत दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली यावर ड्रायव्हरची परीक्षा होते. डेपोची सरासरी सत्तेचाळीस असली तर भुजंगरावांची बावन्न असायची. जुनी गाडी द्या, खड्ड्यांचा रस्ता द्या, बावन्न. अधिकाऱ्यांना संशय येऊन एकदा त्यांनी टाकीला सील लावून पाहिलं. त्या दिवशी साडेबावन्न भरले.

त्यांची रीत साधी होती. पुढं काय येणार ते आधी ओळखायचं आणि पाय उचलायचा. भोकरदनच्या वाटेवर केदारखेड्याला पूर्णेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडं उतार आहे. बाकीचे ड्रायव्हर उतारापर्यंत गाडी दामटत आणि मग ब्रेकवर उभे राहत. भुजंगराव उतार दिसायच्याही आधी, एका चुन्यानं रंगवलेल्या दगडापाशी पाय उचलत. गाडी गिअरमध्येच, पण गुमान, आपल्या अंगच्या वेगानं पुलापर्यंत जाई. गिअर काढून उतारावर गाडी सोडणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता. ते म्हणत, त्यानं डिझेल वाचत न्हाई, जीव टांगणीला लागतो.

प्रवाशांना यातलं काय ठाऊक. त्यांना वाटायचं, हा माणूस गाडी चालवताना डुलक्या घेतो.

आकांक्षा अकरावीत असताना तेच घडलं. त्याच वर्षी भुजंगरावांची अंबड डेपोतून जालन्याला बदली झाली होती. अंकुशनगरच्या कारखान्याजवळचं बिऱ्हाड मोडून ते राजूरला आले होते आणि गावात त्यांना अजून कुणी ओळखत नव्हतं. भोकरदनच्या कॉलेजला ती जायची ती याच गाडीनं. पहिल्या आठवड्यात चुन्याच्या दगडापाशी गाडीचा आवाज उतरला, तसा मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, खाली उतरून ढकलू का?" गाडीभर हशा झाला. शेजारी बसलेल्या महजबीननं हसता हसता विचारलं, "कोण गं हा? तू राजूरची ना, वळखतीस का?"

आकांक्षा म्हणाली, "न्हाई बाई."

निजामोद्दीन दोन बाकं पुढं तिकीट फाडत होते. त्यांना माहीत होतं. भुजंगरावांनी पहिल्याच दिवशी मोठ्या कौतुकानं लेक दाखवली होती. त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं, क्षणभर थांबले आणि मग पुढच्या माणसाकडं वळले. समोरच्या आरशात बापाचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावरच होते.

घरी त्यावर एक शब्द निघाला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती गाडीत चढली की ते "आलीस का माय" म्हणायचे बंद झाले. दोन वर्षं त्यांनी तिला परक्या प्रवाशासारखं नेलं आणि आणलं, तिला हवं होतं म्हणून. आणि ती दोन वर्षं रोज दोन वेळा, त्यांच्या पाठीमागं बसून, पाय कुठं उचलला जातो ते पाहत होती. इंजिनाच्या आवाजावरून तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

पुढं कंपनीत तिनं पहिल्यांदा पाय उचलायच्या खुणांचा नकाशा मांडला, तेव्हा संघाचा ड्रायव्हर वैतागला होता. अडीचशे-तीनशेच्या वेगात पाय उचलणं म्हणजे शर्यत सोडून देणं, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी त्यानं नाइलाजानं करून पाहिलं आणि फेरी तीन दशांश सेकंदांनी लवकर संपली. हे सुचलं कसं, असं वरिष्ठांनी विचारलं, तेव्हाही ती म्हणाली होती, कॉम्प्युटरच्या मॉडेलमधून निघालं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी वारसाच्या कागदासाठी भोकरदनच्या तहसील कचेरीत जायचं होतं. आकांक्षानं सकाळी ड्रेसला इस्त्री केली. ओढणी राहिली असताना तिनं पिन काढली. आई दारात उभी होती. या वेळी ते ठरलेलं वाक्य आलं नाही.

गाडी तीच निघाली. कंडक्टर निजामोद्दीनच होते, केस पार पांढरे झालेले. स्टेअरिंगवर केदार नावाचा पस्तिशीचा ड्रायव्हर होता. भुजंगरावांच्या हाताखाली शिकलेला, एवढं तिनं ऐकलं होतं. निजामोद्दीननी तिला तिकीट दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खिडकीपाशी बस, बेटा."

केदारखेडा जवळ आलं. चुन्याचा दगड आता राहिला नव्हता, रस्ता रुंद करताना गेला होता. तरी आकांक्षानं जागा ओळखली, आणि नेमकी तिथंच गाडी गुमान झाली. केदारनं पाय उचलला होता.

"चालवून राह्यला का झोपून राह्यला हा?" मागून एकजण म्हणाला.

तिच्या पुढच्या बाकावर चतुराबाई बसल्या होत्या, केदारखेड्याच्या, बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेल्या. त्या मागं न वळताच म्हणाल्या, "भुजंगाची सवय लागली त्याला. तो बी असाच. पंधरा वर्सं आमाला हितं पेंगवलं त्यानं."

"कोण भुजंग?"

"होता एक ड्रायव्हर. गेला म्हनत्यात. त्याची लेक बी याच गाडीत असायची म्हनं, पर कधी कळलं न्हाई कोनती ती."

लोक हसले. ते काही वाईट हसणं नव्हतं. निजामोद्दीन पुढच्या दाराशी दांडीला धरून उभे होते. त्यांनी मान वर केली आणि आकांक्षाकडं पाहिलं, पंधरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच. या वेळी मात्र ते दुसरीकडं वळले नाहीत.

गाडी आपल्या वेगानं पुलाकडं चालली होती. ब्रेक अजून लागला नव्हता.

"मी," आकांक्षा म्हणाली. आवाज फार लहान निघाला, इंजिन शांत असूनही कुणाला ऐकू गेला नाही. मग ती बाक धरून उठली आणि पार केबिनपर्यंत पोचेल असं बोलली.

"भुजंगराव माझे बाबा. ते झोपत नव्हते, गाडीचा वेग वाया जाऊ देत नव्हते. आज जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या असाच पाय उचलतात, आणि कुठं उचलायचा ते त्यातल्या एका गाडीला मी सांगते. मला हे कॉम्प्युटरनं शिकवलं नाही. या गाडीत, त्यांच्या मागं बसून शिकले मी."