प्रस्थानाची सुपारी

सुपारी घरंगळत आली आणि त्याच्या चपलेच्या अंगठ्याला टेकून थांबली. गाडी घाटाच्या वळणावर होती, मागच्या बाकाखालून कुणाचा तरी भोपळा, कुणाची छत्री असं सगळंच पुढं सरकत होतं, पण हरिहरनं पाय दाबला तो सुपारीवर. आपली आहे म्हणून नव्हे. कुणाची आहे हे कळल्याशिवाय ती पुढं जाऊ द्यायची नाही म्हणून. मग मांडीवरचं गाठोडं पाहिलं तर त्याची गाठ सैल. अकोल्याहून निघाल्यापासून तीन दिवसांत ही चौथी गाडी, इतके धक्के खाऊन न सुटलेली गाठ आत्ताच कशी सुटली... की कुणी सोडली? शेजारी तारा खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. झोपलेली माणसं इतक्या नीटपणे पदर धरून ठेवत नाहीत, हे त्याला बावीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

गाठोडं प्रस्थानाचं होतं. तारा अमरावतीच्या मोरोपंत भिक्षुकांची मुलगी. निघायला मुहूर्त मंगळवारचा, आणि हरिहर शाळेत शास्त्र शिकवणारा, त्याचे वार्षिक परीक्षेचे पेपर गुरुवारपर्यंत संपणार नव्हते; तेव्हा तिनं मंगळवारीच मुहूर्तावर हे गाठोडं समोरच्या शैलाबाईंच्या देवळीत नेऊन ठेवलं. वस्त्र पुढं गेलं म्हणजे माणूस मुहूर्तावर निघालाच, मग पाय कधी का उचलेनात. शुक्रवारी एसटी स्टँडवर जाताना ते तिथून उचललं. त्यानं थट्टा केली होती — म्हणाला, परीक्षेलाही मी आधी टोपी पाठवून देत जाईन. ती हसली नाही. तेव्हाच त्याला काहीतरी वाटायला हवं होतं.

आता त्यानं गाठोडं मांडीवरच हलकेच उलगडलं. त्याचं उपरणं. त्यात मूठभर तांदूळ, एक हळकुंड. आणि सुपारी पायाखाली. बस्स. त्यानं उपरण्याची दुसरी घडी उघडली, तिसरी उघडली, तांदूळ सांडले तेवढे. लग्नाच्या वर्षी नाशिकला जाताना सासऱ्यांनी प्रस्थान ठेवलं होतं ते त्याला लख्ख आठवलं: त्याचं उपरणं आणि तिचा चोळीचा खण, दोन्ही एकात. जावयाला ते समजावूनही सांगितलं होतं, पाटावर बसून, पान लावता लावता — ज्याचं वस्त्र पुढं गेलं, तो सुखरूप परत येतोच. येतोच, यातल्या 'च'वर त्यांनी सुपारी कातरली होती. आणि आज त्याच सासऱ्यांच्या मुलीनं ठेवलेल्या प्रस्थानात खण नव्हता.

विसरली असेल. छे, तारा विसरत नाही. जी बाई तीन दिवसांच्या धपाट्यांना तीन वेगळी फडकी घेते, ठेचा वेगळ्या डब्यात, फिरकीच्या तांब्याला वरून कापड — ती खण विसरेल? तिनं ठेवला नाही. म्हणजे मी परत येणार आणि ती...

त्यानं सुपारी उचलून खिशात टाकली. विचारायला काय हरकत होती? बायको शेजारी होती, तोंड होतं, मराठी येत होतं. पण विचारलं की दुसरं विचारावं लागणार, दुसऱ्यामागून तिसरं, आणि सगळ्याच्या तळाशी ते पत्र.

संशय हा त्याचा जन्माचा सोबती. घरात येणारं दूध तो शाळेतल्या दुधमापकानं तपासत असे आणि गवळ्याला आकडा वाचून दाखवत असे. गवळी बदलले, आकडा बदलला नाही. आणि घरात येणारी पत्रं... ताराला येणारं प्रत्येक पत्र तो चहाच्या आधणावर धरून उघडत असे, वाचत असे, डिंकानं पुन्हा चिकटवत असे. वाईट हेतूनं नव्हे. म्हणजे हेतू कुठलाच नव्हता. न उघडलेली वस्तू त्याला सहनच होत नसे. बावीस वर्षांत त्या पत्रांत पापडाच्या कृतीपलीकडे काही निघालं नव्हतं, आणि त्यामुळेच त्याचा संशय कधी फिटला नव्हता.

चैत्रात तिच्या भावाचं, कमलाकांतचं आंतर्देशीय पत्र आलं. ती आदल्याच आठवड्यात अमरावतीला जाऊन आली होती, मसाल्याचं निमित्त करून. पत्र चार ओळींचं. 'डॉक्टरांनी सांगितलं ते तू ऐकलंसच. ऑपरेशनला नाही म्हणतेस, तर मी जबरदस्ती करणार नाही. दिवाळीपर्यंत तरी तुझ्या मनासारखं होऊ दे. समुद्र पाहायचा होता ना तुला, पाहून घे.'

हे वाचल्यावर माणसानं काय करावं? त्यानं ते पुन्हा चिकटवलं. डिंक जास्त लागला, कडा ओली राहिली ती त्यानं फुंकर मारून वाळवली. आणि मग — लाज वाटण्यासारखं, पण खरं — त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे पत्र मी वाचावं म्हणूनच लिहिलेलं नसेल कशावरून? कमलाकांत वकील. बहिणीला फिरायला न्यायला मास्तर तयार होणार नाही, हे ओळखून घातलेला हा डाव असेल. दोन दिवसांनी तारा वरण वाढता वाढता म्हणाली, मला समुद्र पाहायचा आहे, आणि त्याला वाटलं, बघा. तरीही तो लगेच हो म्हणाला. मालवणला जायला रेल्वेनं मुंबई आणि पुढं बोट असा विचार त्यानं सुचवला, तर एसटीच बरी, स्वस्त पडते, म्हणाली. स्वस्त तिला कधीपासून कळायला लागलं? की रस्ता लांबावा, असं होतं?

तेव्हापासून तो तिच्यावर नजर ठेवून होता. दोन घास कमी खाल्ले की डाव. दोन घास जास्त खाल्ले की तोही डावच. स्टँडवर चढताना तिनं दाराची दांडी धरून जरा दम घेतला, तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं होतं — कुणी बघतंय का म्हणून ती असं करते आहे का. बघणारा तो एकटाच होता.

घाट उतरून गाडी चहाला थांबली. तारा उतरली नाही. हरिहर उतरला, तसा तेल्हाऱ्याचा जानरावही उतरला. हा जानराव अकोल्यापासून गाडीमागून गाडी त्यांच्याबरोबर होता. मुलगा मालवणात पोलिसात आहे, त्याला भेटायला चाललो, असं सांगत होता. तेल्हाऱ्याचा कास्तकार आणि मुलगा थेट मालवणात, हे हरिहरला पहिल्या दिवसापासूनच पटलं नव्हतं. त्यात तारा त्याच्याशी फार बोलत असे. घरी ती मास्तरीणबाईंना शोभेल असं शुद्ध बोलायची, पण याच्याशी बोलताना माहेरची भाषा सुटायची.

जानरावनं बशीत चहा ओतला. म्हणाला, "मास्तर, परतीले बुधवारी सकायची गाडी हाय. आपून संगंच जाऊ."

आमचं अजून ठरलेलं नाही, असं हरिहर तुटकपणे म्हणाला.

"बाईनं ठरवलं ना. कोल्हापुरातच सांगून ठेवलं मले. म्हणे, जानराव, परतीले मास्तरले संग घेऊन जाजा, थे कोनावर इस्वास ठेवत नाहीत, एकटे चुकतीन. म्या म्हटलं, काहून, तुमी नाही का येऊन राहिल्या? तं हासल्या."

चहा गोड होता की नाही, हे हरिहरला नंतर आठवेना. खण नाही. जानरावला निरोप. ऑपरेशनला नाही. समुद्र पाहून घे... शाळेत तो मुलांना सांगत असे, तीन निरीक्षणं जुळली की अनुमान काढा. गाडीत येऊन बसल्यावर त्यानं अनुमान काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दूध मापायचं नव्हतं.

मालवणला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वळकटी धर्मशाळेत टाकून ते किनाऱ्यावर आले. समुद्र त्याच्या शाळेतल्या नकाशात निळा होता. इथं तो राखी, मळकट आणि नको इतका मोठा. ताराला मात्र काही मोजायचं नव्हतं. तिनं चपला काढल्या, निऱ्या हातात धरल्या आणि घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. तो कोरड्या वाळूत, दोघांच्या चपला हातात घेऊन. चपला खाली ठेवाव्यात तर कुणी नेईल. ती एक पाऊल पुढं गेली. ती आणखी एक पाऊल पुढं गेली, आणि त्यानं चपला टाकून दिल्या.

पाण्यात तिच्याजवळ पोचल्यावर बोलायचं होतं ते वेगळंच, तोंडून निघालं ते हे: "कमलाकांतचं पत्र मी आधी फोडून वाचलं होतं."

तिनं मान वळवली नाही. "मले मालूम आहे. तुमी वाचता म्हणूनच तं दादाले लिहाले सांगतलं. मले तोंडानं सांगनं जमलं नसतं."

म्हणजे डाव होताच. त्याचा संशय बावीस वर्षांत एकदाच खरा निघाला होता, आणि त्यात जिंकल्यासारखं काहीही नव्हतं.

"चैत्रापासून वाट पाहून राहिली मी," ती म्हणाली, "तुमी कधी इचारता त्याची."

लाट आली, परतली, पायाखालची वाळू घेऊन गेली. चैत्र, वैशाख. दीड महिना ती रोज रात्री दिवा मालवताना क्षणभर थांबत असे, ते त्याला आत्ता आठवलं. तेव्हा त्यानं त्याचाही संशय घेतला होता.

जानरावला सांगितलं ते वाटेत आपल्याला काही झालं तर सोबत असावी म्हणून, असं ती सांगत होती, हळू, दम घेत घेत. तो ऐकत होता की नव्हता. त्यानं खिशातली सुपारी काढली.

"खण का नाही ठेवलास?"

आता तिनं वळून पाहिलं. "आप्पा म्हनत, ज्याचं वस्त्र जाते थो परत येतेच. आप्पाचा शब्द मी काहून खोटा पाडू?"

त्याला हसायला हवं होतं. मूठभर तांदूळ, हळकुंड, कापडाचा तुकडा. यानं कुणी परत येत नाही आणि कुणी जातही नाही, हे त्यानं शेकडो मुलांना खडूनं फळ्यावर लिहून शिकवलं असतं. पण हसू येत नव्हतं, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपला विश्वास बसला आहे... इतक्या वर्षांनी, पूर्ण, आणि नेमका यावर. त्यानं तिचा पदर ओढून घेतला, त्याच्या टोकात सुपारी ठेवली आणि गाठ मारू लागला. आता काय उपयोग, निघून तं आलो, असं ती म्हणाली. असेल. नसेल. परतीचं प्रस्थान परक्या गावातूनही ठेवता येतं का, हे विचारायला सासरे नव्हते. पदर खाऱ्या पाण्यानं जड झाला होता, बोटं ऐकत नव्हती. त्यानं गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. ती पक्की बसली की नाही, याची शंका काही केल्या जाईना.