खुर्चीच्या हातांवरची फळी

मित्रांनो, मी एक फळी आहे. जुनी आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. लांबी दोन हात, रुंदी वीतभर. एवढ्याशा अंगाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुमच्या मनात आलं असेल. पण लहानपणी ज्यांचे केस दुकानात कापले गेले, ते सगळे माझ्यासारख्याच एखादीवर बसून मनसोक्त रडलेले आहेत. तेव्हा जरा मान ठेवा.

एका सुताराचं दाराचं माप चुकलं आणि उरला तुकडा म्हणजे मी. शेजारच्या न्हाव्यानं मला काखोटीला मारून नेलं. त्याच्या दुकानात खुर्ची एकच, तरी सगळे त्याला मालक म्हणत. मालकांचे वडील जन्मभर रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाला लोखंडी पेटीवर बसवून हजामत करत आले होते. त्या मानानं डोक्यावर छप्पर आणि समोर भिंतभर आरसा म्हणजे घराण्यानं केवढी मजल मारली होती.

लहान मूल आलं की मालक मला खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकत आणि त्याला वर बसवत. पलीकडच्या बंगल्यातला सराफाचा नातू असो की त्याच बंगल्याच्या वॉचमनचा मुलगा, आरशात दोघांची डोकी एका रेषेत यायची. फरक एवढाच, की नातू मोठ्यानं रडायचा. रडल्यावर कुणीतरी धावत येतं, ही सवय त्याला घरून लागलेली. पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीला टेकू लागले की पोराची फळी सुटायची, आणि त्या दिवशी पोरं असा काही भाव खायची, जणू मिशाच फुटल्या.

सगळ्यांत जास्त बसली ती मालकांची मुलगी, भिंगरी. तिची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कपडे धुवायची, म्हणून पोर दिवसभर दुकानात. गिऱ्हाईक नसलं की माझ्यावर चढून, आरशाकडे तोंड करून ती अभ्यास करायची. मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, आकड्यांऐवजी नुसते ठिपके असलेलं. मान न वळवता गिऱ्हाइकाला आरशात वेळ दिसावी, म्हणून ते तिथं. ‘बाबा, आता किती?’ असं विचारत विचारत भिंगरी तिथंच घड्याळ शिकली.

ती सहा वर्षांची झाली, तेव्हा पुलापलीकडच्या मोठ्या शाळेनं पलीकडच्या मुलांसाठी पाच जागा ठेवल्या. त्यांच्या पलीकडची म्हणजे आमची. मालकांनी अर्ज भरला. तिचे आजोबा म्हणाले, “तिथं शिकून आली की आपल्याला ओळख तरी देईल का रे?”

मालक म्हणाले, “द्यायची की नाही, हे ठरवण्याइतकी मोठी तर होऊ दे.”

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण मालकांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला, कात्री थांबवून, इतक्यांदा ऐकवलंय की मला तोंडपाठ आहे.

मुलाखतीत भिंगरीनं बेरजा केल्या, पाढे म्हटले, मोठ्या बाईंना हसवलंसुद्धा. मग बाईंनी ठिपक्यांचं एक लाकडी घड्याळ काढलं आणि नऊ वाजून दहा मिनिटं लावली. भिंगरीनं छाती काढून सांगितलं, तीनला दहा कमी. सव्वाचार लावले, तर म्हणाली पावणेआठ. सहा तेवढे बरोबर आले. बाईंनी कागदावर फुली मारली. घड्याळ कळत नाही, पुढच्या वर्षी आणा, म्हणाल्या. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. मालक उठले. पोरीचा हात धरून ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच थबकले. पावणेआठ? पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक आरशात बघून नेमकं असंच चुकतं आणि अर्धी दाढी टाकून पळायला बघतं.

मालक मागे फिरले. “बाई, पर्समध्ये आरसा असेल तर जरा देता का?”

बाईंना वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण दिला. मालकांनी काटे पुन्हा सव्वाचारवर आणले, भिंगरीला घड्याळाकडे पाठ करून उभी केली आणि आरसा तिच्यासमोर धरला. तिनं सांगितलं, सव्वाचार. बाईंनी काटे पाचदा फिरवले, पाचही बरोबर.

“उलटं घड्याळ कुठं शिकलीस गं?”

“फळीवर,” भिंगरी म्हणाली.

मित्रांनो, अशा रीतीनं माझं नाव त्या शाळेत निघालं. बाई म्हणाल्या, हिला सुलटं शिकवायला एक दुपार पुरे. आणि फुली त्यांनी स्वतःच खोडली.

भिंगरी शिकली, पुढेही शिकत गेली. आता ती शहराच्या पाणीखात्यात इंजिनीअर आहे, स्वतःचं टेबल आहे. आजोबा बाकावर बसून अनोळखी माणसालाही गाठून सांगतात, ‘ती माझी नात.’ पहिल्या पगारात तिनं बाबांना पायानं वरखाली होणारी नवी खुर्ची घेतली. कौतुक सगळ्यांनी केलं, नोकरी माझी गेली. मला रंगाच्या दोन डब्यांवर ठेवून दुकानाबाहेर बसवलं. उन्हानं तडकले, कुणी माझ्यावर ओल्या छत्र्या टाकल्या, कुणी खिळ्यानं बदाम कोरला. खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मी फुगून बसले होते.

मग प्रवेशाचे दिवस आले. एका रविवारी भिंगरी माझ्यावर येऊन बसली आणि गल्लीतल्या मुलांचे अर्ज भरू लागली. तेव्हापासून दरसाल भरते, यंदा सतरा. परवा वॉचमनच्या लहानगीनं विचारलं, “ताई, माझं चुकलं तर?”

भिंगरी म्हणाली, “चुकू दे. का चुकलं ते सांगायला मी येईन बरोबर.”

तेव्हा मित्रांनो, घरी माझ्यासारखी एखादी फळी असेल तर वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा आणि बदाम कुठं दुसरीकडे कोरा. आणि उद्या मोठे झालात, हातात तांबडी पेन्सिल आली, तर फुली मारण्याआधी एवढं विचारा, की हे मूल आजवर कुठं बसून बघत होतं.