चिपला घेणारा मिळेना

दयाराम पाटलांनी आयुष्यात एकच गोष्ट विकली आणि तेव्हापासून हात चोळत बसले. न्हावा शेव्याच्या रस्त्यालगतची मिठागराची जागा. ती विकली आणि दोन वर्षांत भाव पाचपट झाला. दयारामांनी कानाला खडा लावला: हातातलं पुन्हा विकायचं नाही.

त्या जागेच्या पैशातून बायकोचे, सखुबाईंचे, गुडघे बदलायचे, हे घरात ठरलेलं होतं. मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभं राहून राहूनच ते गेले होते, तेव्हा जागेचा पैसा त्यांना लागणं हा न्यायच होता. पण मध्ये लेकाला शहाणपण सुचलं. अल्पेश बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि फावल्या वेळात शेअरबाजार शिकायचा.

"बाबा, चिप म्हंजे आताची जमीन," तो म्हणाला होता. "मोबाइल, गाडी, सगल्यात लागते. एकदा घ्यायची आनि इकायची न्हाय."

दयारामांना शेवटचं वाक्य फार आवडलं. चिप बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचे शेअर जागेच्या पैशातून त्यांच्याच नावावर घेतले गेले. विकायचे तर ओटीपीही त्यांच्याच फोनवर येणार होता.

वर्षभर भाव चढला, तसा अल्पेशही चढला. मग बाजार कोसळला आणि चिपवाल्यांची सगळ्यांत वाईट गत झाली. बंदराच्या फाटकाशी ट्रेलर रांगेत लावून अल्पेश मोबाइलवर तज्ज्ञांची मतं ऐकत बसे. टायवाला एक गृहस्थ रोज सांगे, या क्षेत्राचं भवितव्य उज्ज्वल आहे, लांब पल्ल्याच्या गुंतवणूकदारांनी घाबरू नये. घाबरू नये म्हणे! तेवढ्या लांब पल्ल्याला आईचे गुडघे कुठून पुरायचे? ऑपरेशन तर पुढच्याच महिन्यात होतं.

"बाबा, आज इकू," त्याने घरी येऊन गयावया केली. "आजून ऑपरेशनपुरतं निघतंय."

"जमीन हाय, तूच बोललास ना? परलेल्या भावात जमीन कोन इकतो?"

"मी चुकलो, बाबा."

"मी बी चुकलो व्हतो. इकून."

बापाच्या हातातून फोन हिसकावून घ्यावा असं अल्पेशला वाटलं, पण हात उचलला नाही. आपलेच शब्द आपल्या गळ्यात आले, म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तुटल्याची बातमी आली. त्याच सकाळी तांदूळ निवडून उठताना सखुबाई जमिनीवरच राहिल्या. दयारामांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं, खाटेवर बसवलं आणि फोन अल्पेशपुढे धरला.

"इक."

अल्पेशने विकायची ऑर्डर टाकली. ओटीपी आला, दयारामांनी एकेक आकडा नीट वाचून दाखवला. ऑर्डर तशीच लटकून राहिली.

"काय झाला?"

"सर्किट लागलाय, बाबा. एका दिवसात भाव जेवढा परू शकतो तेवढा परलाय. सगले इकायला उभे हायत. घेनारा कोन न्हाय."

"कोनीच न्हाय?" दयारामांना ते खरं वाटेना. जागेच्या वेळी दारात गाड्यांची रांग लागली होती. पनवेलचे दलाल ओटीवर ठाण मांडून बसत आणि सखुबाई दुखऱ्या पायांनी त्यांना चहा नेऊन देत. "मंग उद्या येल कोन तरी."

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इस्पितळाला फोन करून अल्पेशने तारीख पुढे ढकलली. कुठवर, असं तिकडच्या बाईने विचारलं, तेव्हा त्याला सांगता येईना.

आता रोज बाजार उघडायच्या वेळेला बापलेक ओटीवर बसतात आणि नवी ऑर्डर टाकतात. भाव आणखी एक पायरी उतरतो आणि तिथेच अडकतो. आत सखुबाई तव्यावर मीठ तापवतात, फडक्यात बांधतात आणि त्या पुरचुंडीने गुडघे शेकत बसतात.

"आला काय कोन?" त्या आतून विचारतात.

"न्हाय," दयाराम म्हणतात.

"आला त सांगा. च्या ठेवीन."