उष्णतेवर रस

गोळ्या उष्ण पडतात, यावर अंबूबाईचं मत ठाम होतं. तीन महिन्यांपूर्वी एचआयव्हीच्या गोळ्या बदलल्या आणि तिचा नवरा केरबा दिवसभर पाणी पाणी करू लागला. रानात ऊस उभाच होता. तिने रोज तांब्याभर रस सुरू केला. तहान वाढली तसा दुसरा तांब्या. बाईचा जीव नवऱ्यावर, पण कुणाचं ऐकेल तर शपथ.

आजाराचं फक्त दोघांनाच ठाऊक. सांगली जवळ, पण तिथे आपल्या गावचं, कुंडलचं कोणी ना कोणी भेटायचंच. म्हणून गोळ्या साताऱ्याहून. केरबा रिटायर्ड फौजी, तेव्हा घरी सांगायचं, मिलिटरी कँटीनला चाललोय. नव्या गोळ्यांनी कुणाकुणाची साखर वाढते, म्हणून साताऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती तपासायला उपाशीपोटी बोलावलं होतं. एसटी पोहोचेपर्यंत दुपार व्हायची, तोवर दोघांचं जेवण झालेलं असायचं. तपासणी राहिली ती राहिलीच.

आज सकाळी केरबा गोठ्यात कोसळला. धाकटा भाऊ नानासो त्याला गाडीत घालून गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन आला. केरबाला धाप लागली होती, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते.

"कसल्या गोळ्या चालू आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाईत," अंबूबाई म्हणाली. नानासो शेजारीच उभा होता.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. थेंब पडू लागले.

"त्यात काय हाय?" अंबूबाईने विचारलं.

"ग्लुकोज. साखरेचं पाणी. तरतरी येईल."

साखर म्हणताच अंबूबाईला नर्सबाईंचं बोलावणं आठवलं. बोललं तर उद्या गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि नाही बोललं तर हा माणूस हातचा जाणार. तिला दोन्हींची सारखीच भीती वाटली, याची तिला लाज वाटली.

"बंद करा त्ये," ती म्हणाली. "एचआयव्हीच्या गोळ्या खात्यात ह्ये. साखर तपासा म्हनले हुते, आमी तपासली न्हाई. वर मी रोज उसाचा रस पाजला."

डॉक्टरांनी झटकन सलाईन बंद केलं, बोटाला सुई टोचली. साखर मशीनच्या मापाबाहेर गेली होती.

"आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या."

नानासो जागचा हलला नाही. घरातली चार पोरं अंबूबाईच्या हातचं जेवत होती.

"वैनी, तुमालाबी?"

"व्हय. सात वर्सं झाली. माझ्या हातचं खायाचं का न्हाई ते उद्या ठरवा, भावजी. आता ह्यास्नी उचला."

नानासो पुढे आला. त्याने भावाला उचललं, पण तिच्या हाताला हात लागू दिला नाही.