पट्टीवरचे धोंडे

"ऊठ म्हातारे, न्हायतर धोंड्यासकट उचलीन!" छगन ओरडला आणि त्यानं जेसीबीवाल्याला हात केला.

मनकर्णा हलली नाही. दोन्ही पायांत धोंडा धरून ती बसली होती. पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं.

"उचल की. आदी माज्या मांडीवरनं घाल तुजं जेसीबी. मुडद्या, तुजा बाप बी ह्या धोंड्याला वळसा घालून जायाचा. इचार त्याला वर गेल्यावर."

जेसीबीवाला बाहेरगावचा. त्यानं यंत्र बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. पगारी माणसाला म्हातारीच्या भांडणाशी काय देणंघेणं?

धोंड्यांचं सांगतो. उन्हाळ्यात वावटळी सगळीकडंच उठतात. पाचोळा फिरवतात, वाळत घातलेली लुगडी उडवतात आणि जातात. काळी वावटळ तसली नाही. ती ढगातून सोंड खाली सोडते, ओढ्याच्या खिंडीतून वर येते आणि सरळ गावाच्या अंगावर चालते. एखाद्या पिढीला दिसते, एखादीला नाही. तिनं जिथं जीव घेतला तिथंच त्या शेतातला धोंडा रोवायचा. काय गेलं ते टाकीनं त्यावर कोरायचं आणि कोरलेलं तोंड ती जिकडून आली तिकडं करायचं. ही आमच्या बोरटाकळीची रीत. कुठं बैल कोरलाय, कुठं खाट, कुठं डोक्यावर पाटी घेतलेली बाई. ती बाई म्हणजे मनकर्णाची सासू, रंगुबाई. तिला वावटळीनं बांधावरून उचललं आणि ओढ्यापलीकडच्या बाभळीत फेकलं.

पंचनाम्याचा कागद लिहिणारे आमच्याकडं यायचे तेव्हा मेलेलं पुरून झालेलं असायचं. 'वादळी वारा' एवढं लिहून ते चहा पिऊन जायचे. वारा म्हणे! वाऱ्यानं जोतासकट बैल झाडावर टांगला होता का कधी? म्हणून आमच्या अडाणी म्हाताऱ्यांनी शेतातच लिहून ठेवलं. खिंडीपासून गावापर्यंत धोंड्यांची एक रांग झाली. त्या रांगेच्या पट्टीत बाजरी पेरायची, तूर पेरायची. पण छप्पर घालायचं नाही आणि जनावर बांधायला खुंटा ठोकायचा नाही.

पुढं बायकांनी धोंड्यांना शेंदूर लावला. दगडाला शेंदूर लागला की आमच्या लोकांची अक्कल गहाण पडते. छगन माजी सरपंच, देऊळ कमिटीचा म्होरक्या, आणि निवडणूक तोंडावर. त्याला एकाएकी देव उन्हात तळताना दिसले. वेशीजवळ त्यानं देऊळ बांधलं, वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी. सगळे धोंडे उपटून तिथं नेऊन बसवायचे ठरले. बाकीचे निघाले. राहिली रंगुबाई.

मनकर्णाच्या पोराला, गोरक्षला, हे पाहिजेच होतं. घोडेगावच्या बाजारातून त्यानं चांगल्या गाई आणल्या होत्या. गोठ्याला सपाट जागा ती पट्टीचीच.

"आये, देव देवळात चाललाय, मसनात न्हाई," तो म्हणाला. "ऊठ. लोकं हसत्यात."

"हसू दे. तुजी आजी हाय ती. हितं मेली म्हनून हितं हाय. देवळात मेली का ती?"

तेवढ्यात शेजारच्या वावरातून गनीभाई आला. बांधाला बांध लागलेला, पाण्याची पाळी अर्धी अर्धी. खाट कोरलेला धोंडा त्याच्या चुलत्याचा. तो टेम्पोत आडवा पडलेला बघून त्याचं डोकंच फिरलं आणि तो टेम्पोवर चढला.

"छगनराव, माजा धोंडा खाली घ्या. त्यो देव न्हाई. माजा चाचा हाय त्यो."

"गनी, आमच्या देवात तुजं काय काम?"

"तुमचा देव झाला कवा? खाटंवर निजल्याला मानूस वावटळीनं नेला, खाट घावली, मानूस न्हाई घावला. तुज्या आज्यानं आन माज्या आब्बानं मिळून रवला ह्यो धोंडा. शेंदूर कुनी फासला मला ठावं न्हाई."

"ह्यो आमच्या देवाला धोंडा म्हनतो रं!" छगन गर्दीकडं वळून ओरडला.

एवढंच पाहिजे होतं. कालपर्यंत गनीभाईच्या मोटारीचं पाणी पिणाऱ्यांनी त्याला टेम्पोवरून खाली ओढला. फावड्याचा दांडा त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा कानावर बसला. तो ढेकळांत पडला तरी लाथा थांबेनात. "मेला, मेला!" म्हणत मनकर्णा उठली. ती उठली तसं गोरक्षनं मागून तिला आवळलं. तिनं खुरपं फिरवलं, त्याचा तळहात फाटला, तरी त्यानं सोडलं नाही. जेसीबीचा पंजा खाली आला आणि रंगुबाई मुळासकट निघाली. खड्ड्यातली काळी माती ओली होती.

"खुंटा ठोकू नगस, गोरक्ष," मनकर्णा मातीत बसून म्हणाली. "दुसरं काय बी कर. पट्टीवर खुंटा ठोकू नगस."

त्यानं ठोकले. पत्रे घातले. देवळात सगळे धोंडे ओळीनं बसले, दाराकडं तोंड करून, चांदीचे डोळे लावून. रांग कुठून कुठं जात होती ते पुसलं गेलं.

वैशाखात एका दुपारी हवा कोंडली. पाखरू बोलेना. उत्तरेला आभाळ आधी हिरवट झालं, मग तव्याच्या बुडासारखं काळं. मनकर्णा आणि सून निकिता कांदा झाकत होत्या. गोठ्यातल्या गाई दाव्याला हिसके देऊन हंबरत होत्या. गारा सुरू झाल्या आणि एकदम थांबल्या.

मग खिंडीत ती सोंड टेकली.

आवाज रेल्वेचा असतो तसा, पण पोटातून येणारा. खिंडीतली बाभळ उभीच्या उभी वर गेली.

"आत्या, गाई!" निकिता गोठ्याकडं पळाली.

मनकर्णानं तिची वेणी धरली आणि तिला पाण्याच्या कोरड्या चारीत पाडून वर आडवी झाली. "तोंड मातीत घाल! मातीत घाल म्हनते ना!"

गोरक्ष घरातून कोयता घेऊन धावला. "गोरक्ष, फिर माघारी! मरू दे जनावरं!" मनकर्णानं टाहो फोडला. त्यानं ऐकलं नसेल. ऐकलं असतं तरी बांधलेलं जनावर सोडून पळणारा तो नव्हता. तो पहिल्या गाईचं दावं तोडतो तोच छप्पर उठलं. पत्रे पत्त्यांसारखे फिरत वर गेले आणि त्यातला एक परत आला.

वावटळ गेल्यावर मोकळी सुटलेली एक गाय त्याच्याजवळ उभी होती. बाकीच्या खुंट्यालाच मोडून पडल्या होत्या. निकितानं त्याचं डोकं मांडीवर घ्यायला हात घातला आणि ती ओरडली ती किती तरी वेळ ओरडतच राहिली. मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

राख सावडायच्या दिवशी छगन आला. टोपी हातात.

"झालं ते वंगाळ झालं, मनकर्णाबाई. पन देव पावला बगा, देवळाची फरशी सुदिक हलली न्हाई. गोरक्षचा धोंडा आपुन मदोमद बसवू. पयला मान."

मनकर्णानं कोपऱ्यातली पहार उचलली आणि वेशीकडं चालू लागली. मागं निकिता. मागं गनीभाई, एका हाताला प्लास्टर, एका कानानं बहिरा. मग सगळं गाव.

देवळात शिरून तिनं पहिला घाव फरशीवर घातला. टवके उडाले.

"देवाला पहार लावती!" छगन आडवा आला. "धरा रं तिला!"

ज्यांनी गनीभाईला लाथा घातल्या होत्या ते तिथंच होते. कुणी पुढं झालं नाही.

"देव?" मनकर्णा म्हणाली. तिनं रंगुबाईचे चांदीचे डोळे नखानं उचकटले आणि छगनच्या तोंडावर फेकले. "ह्यांची तोंडं कुठं व्हती? खिंडीकडं. तू दाराकडं केली, लोकांनी हात जोडाया. माजं पोरगं मरत व्हतं तवा ही समदी तुजा हार बगत व्हती!"

छगननं तिचा हात धरला. तिनं पहारीचा बुडखा त्याच्या पोटात घातला. तो फरशीवर बसला आणि श्वास शोधू लागला. निकितानं त्याच्यापुढं फावडं टाकलं.

"चला छगननाना," ती म्हणाली. "खड्डं घ्यायचं हायती."

धोंडे ट्रॅक्टरमधून पट्टीवर गेले. त्यांच्याबरोबर एक नवा धोंडा, गोरक्षच्याच वावरातला. त्यावर गनीभाईनं डाव्या हातानं टाकी धरली, निकितानं हातोडी मारली, आणि पत्रा कोरला. नुसता चौकोन आणि त्यावर आडव्या रेघा.

छगन फावडं घेऊन उन्हात उभा होता. "कुठं खांदू? जागा कुनाच्या ध्यानात हायती आता?"

मनकर्णानं हात केला. खिंडीपासून गावापर्यंत बाभळी बुंध्यात पिळून मोडल्या होत्या, जमीन नांगरल्यासारखी उघडी पडली होती. रांग सरळ दिसत होती.

त्यानं खणायला सुरुवात केली. हातभर खड्डा झाल्यावर तो थांबला, घाम पुसला.

"आनखी खोल घे," मनकर्णा म्हणाली. "जेसीबीनं बी निघाया नगं."