मध्यंतरापर्यंतचं मत

माझे सासरे विश्वेश्वरराव यांना कन्नड येत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. त्र्याण्णवमध्ये सासूबाई गेल्या आणि माझा नवरा शंतनु त्यांना नागपूरहून आमच्याकडे मल्लेश्वरमला घेऊन आला. सुरुवातीला ते नुसते खिडकीपाशी बसून राहायचे. मग शेजारच्या आप्पाजींनी त्यांना सिनेमाला नेलं. तेव्हापासून दर शनिवारी दोघं मॅटिनीला जायला लागले आणि परत आल्यावर चंद्राक्कांच्या हातची कॉफी पीत भांडायला लागले.

आप्पाजी आणि चंद्राक्का हे नवराबायको चिकोडीकडचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. सिनेमा चालू असताना आप्पाजींनी काही समजावून सांगितलेलं बाबांना खपायचं नाही. "चेहरे पाहून समजते मला," म्हणायचे.

मतं मात्र ठणठणीत. तमिळ सिनेमाबद्दल, "हिरो डोंगरावरून पडला अन् चष्मा नाकावरच. त्या चष्मेवाल्याचा पत्ता पाहिजे." हिंदीबद्दल, "गाण्यागणिक देश बदलते. यांनी पासपोर्ट केव्हा काढले?" एक कन्नड सिनेमा त्यांना फार आवडला, त्यातल्या कष्टाळू थोरल्या भावासाठी. आप्पाजी म्हणाले, तो भाऊ नव्हे, घरगडी होता. बाबा म्हणाले, "मग त्यानं चुकीचं काम केलं."

मला हे भांडण ऐकायला फार आवडायचं. शंतनु सारखा कंपनीच्या कामाला बाहेरगावी, आणि इतके दिवस मुक्या असलेल्या घरात आता कोणीतरी बोलत होतं. बाबांनी कायमचं इथेच राहावं असं मला मनापासून वाटत होतं. नागपूरचं बंद घर उघडून एकटे काय करणार? एकदाच जेवतील आणि फोनवर मला दोन्ही वेळचा स्वयंपाक सांगतील. पण विषय काढला की "पाहू," एवढंच म्हणायचे.

त्या शनिवारी आप्पाजींचा गुडघा धरला होता, म्हणून बाबा एकटेच गेले आणि मध्यंतरातच उठून आले. मी चंद्राक्कांकडे अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. बाबा आले ते तणतणतच.

"भिकार सिनेमा. मामाचं लग्न भाचीशी लावून राहिले. चांगला आईचा सख्खा भाऊ! आमच्याकडे मामा पोरीला बोहल्यावर आणते, स्वतः चढत नाही. असल्यांच्या घरचं मी पाणी पिणार नाही." एवढं बोलून त्यांनी चंद्राक्कांनी पुढे केलेला कॉफीचा पेला उचलला.

मी डोळे मोठे करून बघत होते. त्यांना वाटलं, माझ्या डोळ्यात काही गेलं. आप्पाजी काठी टेकत उठले आणि आत गेले. चंद्राक्का शेंगा सोलत राहिल्या, पण साली आणि दाणे एकाच भांड्यात पडत होते.

घरी येऊन मी दार लावलं आणि सरळ सांगितलं. "बाबा, आप्पाजी अक्कांचे सख्खे मामा आहेत. त्यांच्यात चालतं. आजवर तुम्ही बाकी सगळे सिनेमे चुकीचे समजलात आणि नेमका हाच कसा बरोबर समजला?"

ते मटकन खाटेवर बसले. म्हणाले, "मी जातो नागपूरला. कोणत्या तोंडानं राहू इथं?"

माझं डोकं फिरलं. "चूक तुमची आणि शिक्षा मला? तुम्ही गेलात तर हे घर मला खायला उठेल." त्यांनी खाटेखालची बॅग स्वतःच ओढून काढली आणि तिच्यात धोतरं भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात चंद्राक्का उभ्या, इरकल नेसून, केसात अबोली. मागे आप्पाजी, तोंड रस्त्याकडे करून.

"शेवट न बघता मत कसं वो सांगतासा?" त्या बाबांना म्हणाल्या. "चला. चौघं मिळून बघू. आमचा पण बघायचा राहिलाय."

बाबांनी निमूटपणे चपला घातल्या.

मध्यंतरानंतर सिनेमात फारसं काही घडलंच नाही. बायको आजारी पडली, नवऱ्याने स्वयंपाक केला, तिला बरं वाटलं. बाबा खुर्चीच्या काठावर बसून बघत होते. बाहेर आल्यावर आप्पाजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हं, सांगा अण्णा. कसा वाटला?"

बाबा पोस्टरपाशी थांबले. "नट बरा नाही. बायकोला वाढताना तिच्या ताटाकडे पाहत नाही. तुम्ही पाहता." मग घसा खाकरून म्हणाले, "मी माझ्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. तिला काय आवडते ते समजता समजता अर्धा जन्म गेला. तुम्हाला ते आधीपासून माहीत. हेवा वाटला मला. काल तोंड सुटलं आप्पाजी, माफ करा."

"कशाचं माहीत?" चंद्राक्का म्हणाल्या. "माझ्या कॉफीत साखर किती, ते अजून ठाऊक न्हाई ह्यांना."

"स्वल्प," आप्पाजी म्हणाले, आणि हसले. "थोडीच."

"बघा. मला साखर लागतच न्हाई."

मग बाबाही हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला भर रस्त्यात रडू आलं. शेजारच्या भिंतीवर येत्या शुक्रवारचं पोस्टर होतं. बाबांनी ते निरखून पाहिलं.

"यात तो डोंगरावरून पडणारा आहे काय?"

"आहे की," आप्पाजी म्हणाले.

बाबा माझ्याकडे वळले. "सुचेता, ती बॅग आता माळ्यावर टाकून दे. खाटेखाली उगीच पायात येते."